घेवड्याच्या बीची संपूर्ण दुरुस्ती

विज्ञानाच्या बाईंनी अर्जात फक्त एवढंच लिहिलं होतं की, घेवड्याच्या बीचा लाकडी नमुना मळला आहे, तरी तो पुसून मिळावा. बाई तीन वर्षं त्या शाळेत हंगामी होत्या. शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार, बाईंचा बीच्या रचनेवरचा तास बघणार आणि त्यांना कायम करायचं की नाही ते शेऱ्यात लिहिणार होते. आता मळक्या बीवर कोण कायम होतं?

मुख्याध्यापकांना पुसणं फारच किरकोळ वाटलं. त्यांनी अर्जावर लाल शाईने 'संपूर्ण दुरुस्ती करावी' असं लिहिलं आणि उशीएवढा तो नमुना शाळेच्या सुतारकाकांकडे धाडला. काका म्हणजे कामाला वाघ. त्यांच्या हाताखालून गेलेलं बाक पुन्हा कधी कुरकुरलं नाही.

शुक्रवारी, साहेब यायला अर्धा तास असताना, नमुना वर्गात आला. नुसता चकाकत होता. बाई तो उघडायला गेल्या, तर उघडेना.

"उघडेल कसा?" काका म्हणाले. "मधोमध पार चिरला होता. सरस लावून पक्का केलाय. वर चार स्क्रू."

"अहो काका, ती दोन दळं आहेत. रोपाला पानं फुटेपर्यंतची शिदोरी असते त्यांत. उघडून दाखवायची असतात." बाईंनी नमुना फिरवला. "आणि इथलं भोक?"

"पुट्टी भरून बुजवलं."

"त्यातून पाणी आत जातं."

"म्हणूनच बुजवलं ना. पाणी गेलं की लाकूड कुजतं."

बी शेंगेला जिथे चिकटलेली असते तिथला वणही काकांनी घासून साफ केला होता.

"आणि आत, दोन दळांच्या मध्ये, छोटंसं वळलेलं काहीतरी होतं..."

"अळी ना? काढून फेकली."

"ती अळी नव्हती हो. ते झाड होतं. एक टोक मूळ, दुसरं कोंब."

"आधी सांगायचं ना," काका हळहळले.

बाई धावत मुख्याध्यापकांकडे गेल्या. निदान भोक तरी पाडू द्या म्हणाल्या.

"नव्याकोऱ्या वस्तूला भोक? रजिस्टरात काय लिहू मी?"

"मग खरा घेवडा दाखवते."

"मंजूर साहित्याच्या यादीत घेवडा नाही, बाई."

झालं. साहेब शेवटच्या बाकावर बसले आणि तास सुरू झाला. दाखवण्यासारखं उरलं होतं फक्त वरचं साल. ते आतल्या जिवाचं रक्षण करतं, ही एका वाक्याची गोष्ट बाईंनी चांगली वीस मिनिटं ताणली. मुलं जांभया देत होती. मग साहेब उठले, नमुन्यावरून हात फिरवला, ठोकून पाहिला.

"हे काम कोणाचं?"

आता आलं अंगावर, असं बाईंना वाटलं. "सुतारकाकांचं, साहेब," त्या घाईघाईने म्हणाल्या. "माझा त्याला हातसुद्धा लागलेला नाही. कोणालाही विचारा."

आठवड्याने शेरा आला. 'नमुना अत्यंत भक्कम. ज्यांनी केला त्यांना विज्ञान विभागात कायम करावे. बाईंचा यात हात नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सबब त्यांना आणखी एक वर्ष हंगामी ठेवावे.'

बाईंना रडू आलं, आणि रडूपेक्षा जास्त स्वतःचा राग आला. रिकाम्या वर्गात त्या डोळे पुसत बसल्या होत्या, तेवढ्यात काका नवीन वही घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, सोमवारपासून सातवीचा तास मला दिलाय. त्या बीच्या आत नेमकं काय काय असतं, जरा सांगता?"

बाईंनी खडू उचलला. फळ्यावर दळं काढली, भोक काढलं, वण काढला, मूळ आणि कोंब काढले, आणि कोण काय काम करतं ते समजावून सांगितलं. काकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि अगदी मनापासून विचारलं, "एवढं सगळं येतं तुम्हाला, मग तुम्ही अजून हंगामी कशा?"