नमुना म-१

चष्म्याच्या डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला आहे.

वाटी भरलेली आहे, पण मधोमध तिचे बूड बटणाएवढे दिसते.

खालच्या मजल्यावरचे शिवणयंत्र चालते, थांबते, पुन्हा चालते.

पलंगावरच्या धुतलेल्या चादरीवर निळी पावले उमटली आहेत. जातानाची अकरा, येतानाचे एकही नाही.

पंखा चारवर आहे.

मांजर असलेल्या घराला प्रशासन लागते. नुसती माणसे असलेल्या घराचे आरडाओरडीवर भागते, आणि तीही न जमल्यास गप्प बसण्यावर. पण मांजर आले की मागण्या येतात, मागण्या आल्या की त्यांचा क्रम येतो, आणि क्रम आला की तो लिहून ठेवणारा एक जबाबदार माणूस लागतो. सुदैवाने या घरात असा माणूस होता आणि तो दोन महिन्यांपूर्वीच निवृत्त होऊन रिकामा झाला होता.

त्यांना सगळे रकानेसाहेब म्हणत. इतर कार्यालयांना लागणारे अर्ज ज्या कार्यालयात आखले जातात, तिथे त्यांनी चौतीस वर्षे काढली. माणूस जन्मतो, दाखला मागतो, नळ मागतो, लग्न करतो, मरतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर त्याने साहेबांनी मारलेल्या रेषेवर सही केलेली असते (शेवटच्या टप्प्यावर नातेवाइकांनी). 'लागू नसल्यास रेघ मारावी' ही सूचना त्यांचीच. 'कारण' या रकान्याला एक इंच जागा द्यायची, हाही त्यांचाच निर्णय. खरे कारण एका इंचात मावते. जे मावत नाही त्याला गाऱ्हाणे म्हणतात, असे त्यांचे मत होते आणि ते कोणी खोडून काढले नव्हते. खोडायला एक इंच पुरला नसता.

मांजर लेकीने आणले. मग लेकीला परगावी नोकरी लागली आणि मांजर आईवडिलांकडे राहिले. (मांजर आणणारी व्यक्ती आणि मांजर सांभाळणारी व्यक्ती एकच असल्याचे उदाहरण अद्याप आढळलेले नाही.) लेक रोज संध्याकाळी फोन करी आणि पहिला प्रश्न असे, "बाईसाहेब जेवल्या का गं?"

बाईसाहेब म्हणजे मांजर. फोन उचलणाऱ्या काकू. काकू म्हणजे साहेबांची बायको. शेजारपाजार त्यांना याच नावाने ओळखे, आणि साहेब त्यांना "अगं" या नावाने.

सेवानिवृत्तीनंतर साहेबांनी नऊ दिवस बाईसाहेबांचे निरीक्षण केले. एकूण दोनशे बारा वेळा म्यांव झाले. त्यापैकी 'दार उघडा' एकसष्ट. दार उघडल्यावर प्रत्यक्ष बाहेर जाणे सात. उरलेल्या चोपन्न वेळा बाईसाहेब उंबऱ्यावर बसून विचार करत राहिल्या. 'वाटीचे बूड दिसते' अडतीस. 'माझ्याकडे बघा' सत्तर. 'माझ्याकडे का बघता' एकतीस. हेतू अस्पष्ट, बारा.

"अहो, मांजर आहे ते," काकू म्हणाल्या. "ओरडणारच."

"ओरडू दे. पण नोंद नको? कालची मागणी आज पुन्हा करते. का? तर कालच्या मागणीचं काय झालं ते तिला लेखी कळवलेलं नाही."

"भूक लागली की ओरडते. मला कळतं ते."

"तुला कळतं गं. फाइलला कसं कळणार?"

अशा प्रश्नांना उत्तर नसतेच. म्हणून तर फाइली टिकून आहेत.

तेव्हा 'नमुना म-१' तयार झाला. अर्जदाराचे वय व रंग. मागणीचे स्वरूप. कारण (एक इंच). यापूर्वी हीच मागणी केली होती काय; असल्यास किती वेळा; तरीही पुन्हा का. खाली अर्जदाराच्या पंजाचा ठसा आणि त्याखाली कार्यालयाचा शेरा. अर्जदार निरक्षर असल्यामुळे लेखनिकाची गरज होती. त्या पदावर काकूंची नेमणूक झाली. मुलाखत झाली नाही, कारण इतर उमेदवार स्वयंपाकघरात नव्हते.

कारभार उत्तम चालला, हे मान्य केले पाहिजे. बाईसाहेब ओरडत, काकू हात पुसून अर्ज लिहीत, बाईसाहेबांचा पंजा धरून निळ्या पॅडवर टेकवत आणि कागद जेवणाच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवत. साहेब तो वाचत, जागेवर जाऊन पाहणी करत, बाजूचे खाणे स्वतःच्या बोटाने सारून वाटीचे बूड झाकत आणि 'मंजूर' लिहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मंजुरीनंतर ते गुडघ्यावर बसून बाईसाहेबांना विचारत, "झालं का समाधान? अजून काही हवंय? खाल्लंत ना नीट?"

काकू ओट्यापाशी उभ्या राहून हे ऐकत. चष्म्याची काडी मोडून आठ महिने झाले होते. त्यांनी चार वेळा सांगितले होते. चारही वेळा उत्तर आले होते, "बघू."

पहिल्या आठवड्यात चाळीस अर्ज निकाली निघाले. प्रलंबित शून्य. असा आकडा साहेबांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. मग मंगळवार उजाडला. सकाळी नऊलाच पहिल्या अर्जासाठी पंजा पॅडवर टेकवला जात असताना बाईसाहेबांनी तो सोडवून घेतला, पलंगावरच्या चादरीवरून शांतपणे चालत जाऊन खिडकी गाठली आणि त्या खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे गेल्या. शिंपीणबाईंकडे चिंध्यांची एक मोठी टोपली होती आणि एकही अर्ज नव्हता.

काकूंनी वरून डोकावून पाहिले. बाईसाहेब टोपलीत गोल झाल्या होत्या.

"राहू दे हो इथं," शिंपीणबाई खालून म्हणाल्या. "मऊ लागलंय तिला. तुमच्याकडे काय करता काय तिला? पाय बघा, निळे!"

काकू घरात आल्या. अकरा वाजले होते. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. पेनाचे टोपण काढलेले, ट्रे रिकामा.

"आज एकही अर्ज नाही?" त्यांनी विचारले.

काकूंना ते तोंड पाहवेना. शाळेला सुट्टी आहे हे माहीत नसलेला मुलगा दप्तर घेऊन फाटकाशी उभा राहावा, तसे ते दिसत होते. मांजर गेले, असे सांगणे सोपे होते. पण काकूंच्या हाताशी पेन होते, समोर कोरा नमुना होता, आणि दुपार अजून सुरूच व्हायची होती.

अर्ज क्रमांक एकेचाळीस. मागणी: दुपारी वर्तमानपत्र खाली ठेवून दहा मिनिटे खिडकीशी शेजारी बसावे. बोलले नाही तरी चालेल. कारण: दुपार फार लांब होते.

पंजाचा ठसा काकूंनी स्वतःच केला: तळव्याच्या जागी अंगठा, वर चार वेळा करंगळी. अगदी हुबेहूब नव्हता, पण तपासणार कोण?

शेरा आला: मंजूर. साहेब खिडकीशी येऊन बसले. अर्जदार घटनास्थळी दिसली नाही (अर्जदाराचा तो स्वभावच आहे). लेखनिक मात्र हजर असणे आवश्यक होते. दहा मिनिटांनी साहेबांनी घड्याळ पाहिले आणि आणखी पाच मिनिटे बसले. त्यांची नोंद कुठेच नाही.

तक्रारदार निघून गेल्यावरही तक्रारी येत राहणे, हे कोणत्याही नीट चाललेल्या कार्यालयाचे लक्षण आहे.

अर्ज क्रमांक त्रेचाळीस. मागणी: पंखा दोनवर ठेवावा. कारण: चारवर थंडी वाजते. एकोणतीस वर्षे वाजते आहे.

हा अर्ज परत आला. 'अर्जदाराचे वय अडीच. खुलासा व्हावा.'

काकूंनी खुलासा जोडला: 'मांजराची वर्षे वेगळी मोजतात.'

मंजूर.

अर्ज क्रमांक पंचेचाळीस. मागणी: चष्म्याची काडी बसवून आणावी. कारण: लेखनिकास अक्षर नीट दिसत नसल्याने अर्जदाराचे नुकसान होत आहे. यापूर्वी हीच मागणी केली होती काय: होय, चार वेळा. तरीही पुन्हा का: (रेघ).

साहेब त्याच दिवशी चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाल्याने दोरा सोडवला आणि तो बोटावर धरून दाखवला. "साहेब, आठ महिने दोऱ्यावर? काकू काही बोलल्या नाहीत?"

"अर्ज नव्हता," साहेब म्हणाले. मग काउंटरवरच्या काचेखाली दिसतील ते सगळे चष्मे त्यांनी मोजले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाईसाहेब जेवल्या का गं?"

"जेवल्या," काकू म्हणाल्या. हे खरे होते. बाईसाहेब शिंपीणबाईंकडे दोनदा जेवल्या होत्या. फोन ठेवल्यावर काकूंच्या लक्षात आले की लेक गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत त्यांना कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मांजराला मात्र लेकीने रोज, जनावरांच्या डॉक्टरने दोनदा आणि नवऱ्याने चाळीस वेळा विचारला होता. मांजर घरात नसताना आलेले अर्ज नवरा डोळे मिटून मंजूर करतो, म्हणजे त्याला मांजराचा तरी पत्ता आहे का, याचीही त्यांना शंका वाटू लागली. बायको निघून गेली तर कळायला याला किती दिवस लागतील? त्यांनी मनाशी हिशोब केला आणि तो त्यांना आवडला नाही.

शनिवारी कपाटावरची बॅग खाली आली. अर्ज क्रमांक सत्तेचाळीस ट्रेमध्ये पडला.

मागणी: लेकीकडे जायचे आहे.

कारण: इथे राहण्याचे कारण कोणी सांगितलेले नाही.

परतीची तारीख: आणि पुढे रेघ. सरळ, पट्टीने मारलेली.

हा रकाना मूळ नमुन्यात नव्हता. काकूंनी तो स्वतः आखला होता, आणि आखणी सुबक होती. सत्तेचाळीस अर्जांत माणूस पुष्कळ शिकतो.

काकू आतल्या खोलीत जाऊन साड्यांच्या घड्या घालू लागल्या. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. एरवी चार मिनिटांत शेरा येई. खाली शिवणयंत्राने एक आख्खी शिवण घातली, धागा तोडला, दुसरी सुरू केली. पेनाचा आवाज येत होता. 'मंजूर' लिहायला एवढा वेळ लागत नाही. 'नामंजूर' लिहायलाही लागत नाही. एकच अक्षर जास्त आहे.

शेवटी साहेब आले आणि उंबऱ्यावर थांबले. ना आत, ना बाहेर. चोपन्न वेळा पाहिलेले ते दृश्य काकूंनी लगेच ओळखले.

"जेवलीस का?" साहेबांनी विचारले.

काकूंनी सवयीने पायाशी पाहिले. पायाशी कोणी नव्हते.

"कोणाला विचारताय?"

"तुला."

काकूंच्या हातातली घडी विसकटली. "नाही अजून," त्या म्हणाल्या. मग नाकावरचा चष्मा नीट केला (काडी आता घट्ट होती, नीट करण्यासारखे काही नव्हते). "आधी शेरा सांगा. मंजूर की नामंजूर?"

साहेबांनी कागद पुढे केला. "जागा पुरली नाही," ते म्हणाले.

शेऱ्याचा एक इंच भरला होता. मग समास भरला होता, वरचा आणि बाजूचा. रंगाच्या आणि वयाच्या रकान्यांमधली फट भरली होती. कागद उलटा केला तर मागची बाजू वरपासून खालपर्यंत भरली होती, आणि शेवटच्या दोन ओळी जागा उरली नाही म्हणून उभ्या लिहिल्या होत्या. चौतीस वर्षांत या माणसाने रेषेबाहेर एक मात्राही टाकली नव्हती. काकूंनी ते सगळे उभ्याने वाचले. उभ्या ओळींसाठी कागद फिरवला. तिथे लिहिले होते त्याला गाऱ्हाणे म्हणावे की कारण, हे ठरवणे नियमात बसत नाही.

"ती रेघ खोडशील का?" साहेबांनी विचारले.

"बघू," काकू म्हणाल्या.

मग दोघे जेवले. पंखा दोनवर होता.

सोमवारी काकू लेकीकडे गेल्या आणि सोळाव्या दिवशी परतल्या. जाताना पंधरा दिवस सांगितले होते. एक दिवस उशीर का झाला, याच्या खुलाशासाठी साहेबांनी रीतसर एक इंच जागा आखून दिली. काकूंनी तिच्यात रेघ मारली.

सदर प्रकरण वाचकांच्या माहितीसाठी आणि पुढील कार्यवाहीसाठी सादर केले आहे. नवऱ्याला बायकोची विचारपूस करायला मांजराचा अर्ज लागला, याचे वाचकांना हसू आले असल्यास त्यांनी खालील रकाना भरावा.

घरातल्या माणसाला 'जेवलीस का' किंवा 'जेवलास का' असे शेवटचे विचारल्याची तारीख: ____________ (लागू नसल्यास रेघ मारावी. घरात मांजर असल्यास त्याला विचारल्याची तारीख इथे लिहू नये.)

त्या आठवड्यात बुधवार ते शनिवार, रोज सकाळी साडेसातला, काकू अंघोळीला गेल्या की रकानेसाहेब जिना उतरून बाईसाहेबांची मासळी शिंपीणबाईंकडे देऊन येत होते.