मयताचं चीज

रविवारी दुपारी सोलांज तळघरातून चीज घेऊन आली, एवढंच तिच्या हातून घडलं. बाबांनी बजावलं होतं, "खालच्या फळीवरचं आण." खालचं ओलसर लागलं म्हणून तिनं स्टुलावर चढून वरचं उचललं. ते कापताना सुरी वाकली. मग तिनं कुऱ्हाड घातली. एक ढलपी उडून सूपमध्ये पडली, तेवढ्यात सिप्रियां स्वयंपाकघरात आले.

"सोलांज, हे माझं होतं."

"तळघरातलं सगळं तुमचंच आहे, बाबा."

"हे माझ्या मयताचं."

त्या डोंगरातली माणसं हयातीतच एक चीज आणि वाईनचं एक पीप बाजूला काढून ठेवत. आपल्याला पोहोचवून आलेले लोक उपाशी जाऊ नयेत म्हणून. सिप्रियांनी आपलं चीज ठेवलं तेव्हा सोलांज शाळेत जात होती. आता ती जिनिव्हात शिकवत होती आणि सुट्टीला घरी आली होती.

"परत ठेवते. फुटलेली बाजू भिंतीकडे करून."

"उंदरांना भिंतीकडून वाट नसते होय?" जेवायला आलेला शेजारी फिर्मां म्हणाला. "फुटलेलं टिकत नाही, पोरी. आता एक तर हे खायचं, नाहीतर तुझ्या बापानं घाई करायची."

खायचं ठरलं. फिर्मांनं घरून सुताराचा रंधा आणला. चीजचे पातळ पापुद्रे पडू लागले.

"याच्याबरोबर रेजच हवी," सिप्रियां म्हणाले. रेज म्हणजे तिथलं जुनं पांढरं द्राक्ष. गावात आता ते एकटेच त्याची वाईन करत, आणि ती चाखली की सोलांज दरवर्षी एकच शब्द बोले : आंबट.

"रेज तर मयताच्या पिपात आहे, बाबा."

"मग मयत अर्धवट कशाला ठेवायचं?" असं म्हणून फिर्मांनं पीप अंगणात लोटत आणलं.

समोरच्या फिलोमेनबाईंनी खिडकीतून पीप पाहिलं, जिनिव्हाहून आलेली मुलगी पाहिली आणि छातीवर क्रूस काढला. थोड्याच वेळात काळे कोट घातलेलं अर्धं गाव दारात उभं होतं.

"कधी गेले हो?" फिलोमेनबाईंनी नाक पुसत फिर्मांला विचारलं.

"अजून नाही," मागून सिप्रियां म्हणाले. "बसा ना."

"अहो, मग मी रडले ते?"

"राहू द्या. उपयोगी पडेल."

काळे कोट चढवलेली माणसं तशीच परत जाणार नव्हती. पीप उघडलं, काळा पाव आला, उकडलेले बटाटे आले. एकेक जण उठून सिप्रियांविषयी चांगलं बोलला. सिप्रियां मधूनमधून दुरुस्ती करत होते : "खेचर मी दिलं खरं, पण ते लंगडं होतं."

शेवटी सगळे सोलांजकडे वळले. तिनं चीजचा पापुद्रा जिभेवर ठेवला आणि वर घोट घेतला. आजवर तिनं ही वाईन कोवळ्या चीजबरोबर प्यायली होती, तळ्यातल्या माशांबरोबर प्यायली होती, दरवेळी ती लिंबासारखी लागली होती. या चीजवरून मात्र ती मधासारखी उतरली. बाबा तिच्याकडे बघत होते.

"आंबट आहे," ती म्हणाली.

सगळं अंगण हसलं. सर्वांत जास्त बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मळ्यात गेले आणि वेलींच्या ओळीत, दगडी बांधाला टेकून बसलेले सापडले.

त्यांना पोहोचवून सोलांज घरी आली तेव्हा घरात लोकांपुढे ठेवायला काही नव्हतं. ओशाळून तिनं चहाचं आधण ठेवलं. तोच फिर्मां आपलं चीज काखोटीला मारून आला. मधोमध कापलेलं.

"फिर्मांकाका, हे तर तुमच्या..."

"हो ना. आता मला इतक्यात मरायची सोय राहिली नाही."

त्याच्यामागून फिलोमेनबाई आपल्या चीजची चतकोर घेऊन आल्या. मग गाव आलं. ज्याच्या-त्याच्या हातात ज्याच्या-त्याच्या मयताचा तुकडा. टेबलावर जागा उरली नाही. सोलांजला आभार मानायचे होते, पण फिलोमेनबाईंनी तिला खुर्चीत बसवलं.

बोलायला कुणीच उठेना.

"आमचं बोलून झालंय," फिर्मां म्हणाला. "त्यानं ऐकलं, चुकाही काढल्या. राहिलीस ती तू."

त्यानं पीप तिरकं केलं. तिथं पीप कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. तळाशी उरलेल्यावर पुढच्या वर्षीची वाईन ओततात. त्या तळातला एक पेला त्यानं तिच्यापुढे ठेवला. शेजारी बाबांच्या चीजचा उरलेला पापुद्रा.

तिनं तो जिभेवर ठेवला, वर घोट घेतला, आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा, फार छान झालीय. रविवारीच कळलं होतं मला."