पासलीत देणगी मागण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

देणगी मागणं हे शास्त्र आहे, आणि पुणे जिल्ह्यात ते माझ्याइतकं कुणाला अवगत असेल असं मला वाटत नाही. म्हणजे, गेल्या मार्चपर्यंत वाटत नव्हतं.

मी मूळचा वार्ताहर. वर्तमानपत्रात अर्धं आयुष्य काढून निवृत्त झालो आणि पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने मला देणगी अधिकारी म्हणून ठेवून घेतलं. प्रशिक्षणात पढवलेले नियम मला पाठ होते. पहिल्या भेटीत पैशाचं नाव काढायचं नाही, घरच्यांची आपुलकीने चौकशी करायची. दुसऱ्या भेटीला वरिष्ठांना न्यायचं. तिसऱ्या भेटीला मानाची भेटवस्तू. मग देणगीदार आपण होऊन विचारतो, "बोला, काय करू?" तोवर तोंड मिटून बसायचं.

आमचा विभाग सर्पदंशाचा. भात लावणीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याकडून माणसं येतात ती थेट शेतातून, चिखलाच्या पायांनी. त्यांच्यासाठी वेगळा अतिदक्षता कक्ष हवा होता. जागा मिळाली होती, पैसे नव्हते. अधिष्ठात्यांनी सांगून टाकलं, मार्चअखेर देणगीदार आणा, नाहीतर जागा केशरोपणाला जाईल.

"म्हणजे साप चावलेला व्हरांड्यात आणि टक्कल एसीत," आमच्या विभागप्रमुख डॉ. नूतन मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या की त्यांचा आवाज आणखी शांत होतो.

"मॅडम, काळजी सोडा. माणूस हेरून ठेवलाय."

माणूस म्हणजे पासलीचे आनंदराव. वेल्ह्यात भातगिरणी, विंझरला गाळे, हायवेलगतची जमीन नुकतीच विकलेली. शिवाय मी खणून काढलेली खबर अशी की त्यांचा धाकटा भाऊ भीमा लावणीत मण्यार चावून गेला होता. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. हा विषय आनंदरावांनीच काढायला हवा, आपण काढायचा नाही, असं मी ठरवलं. शास्त्र तसंच सांगतं.

विंझरला खतांचं दुकान चालवणारा सोमनाथ पूर्वी माझ्या पेपरला बातम्या पाठवायचा. त्याला फोन केला.

"आनंदरावांना कळव, आम्ही भेटायला येतोय."

"काम काय म्हणून सांगू?"

"काम सांगूच नकोस. पुण्याहून डॉक्टर येताहेत, सोबत मी आहे, एवढंच सांग. बाकी समोर बसून बोलू."

"डॉक्टर कोण?"

"आमच्याच विभागातला, स्वरूप म्हणून आहे. तरुण आहे, हुशार आहे, निर्व्यसनी आहे."

"लगीन झालंय?"

"नाही. का रे?"

"काय न्हाई, सहज."

खेड्यातली माणसं चौकस असतात, असं मनाशी म्हणून मी फोन ठेवला.

पहिली भेट नियमाप्रमाणे पार पडली. आनंदराव ओसरीवर इस्त्रीच्या कपड्यांत वाट पाहत बसले होते. शेती किती, मुलगा काय करतो, घरात माणसं किती, सगळं मी विचारून घेतलं. नात कोमल भोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिनेच पोहे आणून दिले आणि स्वरूपकडे परीक्षक उत्तरपत्रिकेकडे बघतो तसं बघून आत गेली.

मग आनंदरावांनी विचारायला सुरुवात केली.

"डॉक्टरांचं मूळ गाव कुठलं?"

"सातारा बाजूला."

"घरची शेती?"

"आहे थोडी."

"पगार बरा हाय का?"

मी मनात टिपून ठेवलं, देणगीदार संस्थेची आर्थिक स्थिती तपासतोय. उत्तम खूण. पगार सांगितला, दोन हजार वाढवूनच.

स्वरूप मध्येच घसा खाकरून म्हणाला, "खरं म्हणजे आम्ही तुमच्या भावाच्या..."

मी त्याच्या पायावर पाय ठेवला. तो गप्प झाला आणि पोहे खाऊ लागला. आनंदरावांना त्याचा हा लाजाळूपणा फार आवडल्याचं दिसलं.

दुसऱ्या भेटीला नूतन मॅडमना नेलं. आनंदरावांच्या पत्नी ठकुबाईंनी त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि जवळ बसवून घेतलं.

"तुमच्याकडं किती जण?"

"सहा जण," मॅडम म्हणाल्या. "स्वरूप सगळ्यात धाकटा."

"आन् सगळे काय करत्यात?"

"सगळे डॉक्टरच."

"सहाच्या सहा?"

"हो. घडवायला फार कष्ट पडले."

ठकुबाई बराच वेळ मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आतून आणखी दोन लाडू आणून ताटलीत ठेवले.

तेवढ्यात आनंदराव म्हणाले, "कोमल, डॉक्टरला परसातली हीर दाखव. बोलूद्या पोरांना."

मला आनंद झाला. घरातल्या पुढच्या पिढीला विषयाचं गांभीर्य कळलं की देणगी पक्की होते. ती दोघं गेली. आनंदराव माझ्याजवळ सरकले.

"पाव्हणं, आता मोकळं बोला. तुमची काय अपेक्षा?"

नवखा माणूस इथेच घसरतो आणि आकडा सांगून बसतो. मी हात जोडले. "अपेक्षा काहीच नाही. तुमच्यासारखी माणसं जोडली जावीत, एवढीच इच्छा."

आनंदरावांनी ठकुबाईंकडे पाहिलं. ठकुबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"आजच्या काळात असं कोण बोलतंय," आनंदराव म्हणाले.

गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "मागून टाकायला हवं होतं. मार्च आलाय."

"मॅडम, घरातलं माणूस रडलं. आणखी काय हवं?"

स्वरूप मागच्या सीटवर खूश होता. "त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं," तो म्हणाला. "विद्यार्थीसुद्धा इतकं ऐकत नाहीत."

तिसऱ्या भेटीला संस्थेच्या खर्चाने शाल, श्रीफळ आणि ठकुबाईंसाठी चांगल्यातली पैठणी घेतली. पासलीत पोहोचलो तर अंगणात मांडव. फेटे बांधलेली सगळी भावकी, मागच्या बाजूला चुलाणावर भात शिजतोय. मी मॅडमच्या कानाशी लागलो, "जाहीर करणार. गावाकडे मोठं दान चारचौघांतच देतात."

"पण एवढं जेवण?"

"मोठं दान आहे, मॅडम."

मी आनंदरावांना शाल घातली, नारळ दिला, साडी पुढे केली. बायकांत कुजबूज झाली, साडीचा पदर हातोहात फिरला. मग भावकीतले सगळ्यांत वडीलधारे कोंडिबा पुढे आले. पाटावर पान-सुपारी मांडली आणि माझ्याकडे वळले.

"मंग, फोडायची सुपारी? पाव्हण्यांची परवानगी हाय न्हवं?"

"आमची कसली परवानगी," मी म्हणालो. "आम्ही कधीचे तयार आहोत."

कोंडिबांनी अडकित्ता उचलला.

"थांबा आजा," आतून आवाज आला. कोमल दारात उभी होती. "मला कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगते. मला हे स्थळ पसंत नाही."

बातमी सगळ्यांत शेवटी कळण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. पण एवढ्या फेट्यांसमोर पहिलीच. मी स्वरूपकडे पाहिलं. तो मागे वळून स्थळ कोण आहे ते शोधत होता.

"का गं?" ठकुबाई म्हणाल्या. "एवढा शांत पोरगा."

"शांत? विहिरीपाशी तासभर बोलत होते. मण्यार चावल्यावर पापण्या कशा मिटतात, श्वास कसा बंद होतो. शेवटी मीच विषय बदलला. म्हटलं, तुम्हाला आवडतं काय? तर म्हणाले, घोणस."

मांडवात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आनंदरावांचा चेहरा उतरला होता. मी उभा राहिलो. संस्थेच्या परंपरेपासून सुरुवात करावी असं डोक्यात आलं, पण त्याआधीच स्वरूप बोलला.

"आनंदराव, आम्ही लग्नासाठी आलोच नव्हतो. साप चावलेल्यांसाठी कक्ष बांधायचाय, त्याला पैसे हवेत. ते तुमच्याकडे मागायला आलो होतो. मार्चअखेर मिळाले नाहीत तर जागा जाणार. तुमच्या भीमाभाऊंसारखा माणूस उद्या आला, तर त्याला ठेवायला आमच्याकडे खाट नाही."

चुलाणावरचं झाकण तेवढं खडखडत होतं. आनंदराव सावकाश माझ्याकडे वळले.

"हे सगळं तुमाला पयल्या दिशीच ठावं व्हतं?"

"हो."

"भीमाचं बी?"

"हो."

"भीमाला टेम्पोत घालून नेला. विंझरच्या पुढं त्याची मान पडली. आज इतकी वर्सं मी कुणीतरी हे विचारंल म्हनून वाट बघतोय. आन् तुमी हितं येऊन नुसतं पोहं खाऊन गेला?"

मी मनातल्या मनात प्रशिक्षणाचे नियम पहिल्यापासून मोजू लागलो.

आनंदराव स्वरूपला म्हणाले, "किती लागत्यात?"

स्वरूपने सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. इतका मोठा आकडा असा उघड्यावर, जेवणाच्या आधी, आजवर कोणी उच्चारला नसेल.

"देतो," आनंदराव म्हणाले. "भीमाचं नाव लावा. आन् एक करा, हिथून पुढं डॉक्टरला एकट्याला पाठवा. हे पाव्हणं आले का सगळं घर नटून बसतंय."

मग ते भावकीकडे वळले. "बसा रं पंगतीला. सुपारी ऱ्हायली तरी भात शिजलाय."

आम्ही पोटभर जेवलो. कोमलने स्वरूपला आग्रह करून वाढलं. नकार देऊन झाल्यावर माणसं किती मनमोकळी होतात ते मी तिथे पाहिलं. पैठणीचं काय करायचं हे मी ठकुबाईंना विचारलं नाही, आणि त्यांनीही काढलं नाही. संस्थेच्या हिशेबात ती अजून 'संकीर्ण'मध्ये आहे.

परतीला मॅडम पुढे बसून अधिष्ठात्यांना फोनवर बातमी देत होत्या. माझ्या चिकाटीचं त्या कौतुक करत होत्या, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. स्वरूप माझ्या शेजारी गप्प बसला होता. वेल्हे गेलं, विंझर आलं, तरी गप्प.

"अरे, कक्ष मिळाला," मी म्हणालो. "तुझ्यामुळे मिळाला. मग तोंड का पाडलंयस?"

"तसं काही नाही, काका."

"आणि मागणी आपण घातलीच नव्हती. मग नकाराचं एवढं काय?"

"ते बरोबर आहे. पण काका, मण्यारीऐवजी मी नागाबद्दल बोललो असतो, तर?"