नॉमिनी कोण?

उज्जैनात दोन माणसं रस्त्यात भेटली की ‘जय महाकाल’ म्हणतात. पोतनीसकाका ‘नॉमिनी कोण?’ म्हणतात. आधी ते तुमच्यासमोर येऊन उभे राहतात, चष्मा कपाळावर सरकवून तुमचा चेहरा निरखतात, तुमचा श्वास चालू आहे ना याची खात्री करून घेतात, आणि मग आवाज बारीक करून विचारतात, “नॉमिनी कोण?” भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कुणाचीही यातून सुटका नाही. फरक एवढाच, की तरुण माणूस हसून पुढे जातो आणि साठी उलटलेला माणूस घरी जाऊन बीपीची गोळी घेतो.

निरखण्याची ही सवय नोकरीतली. काकांची उभी नोकरी जिल्हा ट्रेझरीत, पेन्शनच्या टेबलावर गेली. दर नोव्हेंबरात म्हातारे पेन्शनर तिथे रांग लावायचे आणि आपण जिवंत आहोत असं काकांना दाखवून जायचे. काका वर बघायचे, “हं, जिवंत,” म्हणायचे आणि शिक्का मारायचे. “बेटा, मी शिक्का मारला नाही तोवर माणूस मधल्यामध्ये लटकून राहतो,” हे ते अजूनही अभिमानाने सांगतात. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दरबारचा खजिना सांभाळला, म्हणजे दुसऱ्याचाच पैसा मोजला. स्वतःचा असा पैसा काकांच्या हाती आला तो रिटायर झाल्यावर, आणि तो त्यांनी उचलून म्युच्युअल फंडांत घातला. लग्न केलेलं नाही. का, म्हणून विचारलं तर “फाइल पुढे सरकलीच नाही” एवढंच उत्तर मिळतं.

काकांचं अर्थशास्त्र अगदी साधं आहे, फक्त ते ऐकून अंगावर काटा येतो. त्यांच्या मते या देशाची अर्थव्यवस्था गेलेल्या माणसांनी उचलून धरलेली आहे.

“जिवंत माणूस काय करतो? बाजार जरा पडला की बोंब मारतो आणि विकून मोकळा होतो. चढला की लालचीपणाने महाग घेतो. गेलेला माणूस काहीच करत नाही. टीव्ही बघत नाही, जावयाचं ऐकत नाही. त्याचा पैसा शांत पडून राहतो आणि वाढत राहतो. मला विचारशील तर सगळ्यात समझदार इन्व्हेस्टर तोच.”

बजेटच्या दिवशी अर्धी कॉलनी शर्मांच्या टीव्हीपुढे जमते. काका शेवटपर्यंत मन लावून ऐकतात, उठतात आणि म्हणतात, “चांगलं आहे. पण हे बजेट जिवंतांसाठी आहे. आपल्याला काय!” त्या ‘आपल्याला’ने शर्माभाभींच्या हातातला चहाचा ट्रे दरवर्षी हलतो.

स्वतःच्या फंडांचे आकडे ते कधी बघत नाहीत. बाजार कोसळल्याची बातमी आली की धुतलेला सदरा घालतात, खांद्याला भैरवगढी छापाची पिशवी लावतात आणि भैरवगढला जाऊन सिद्धवटाखाली बसतात. तिथे लोक आपापल्या पितरांना पिंड देत असतात. काका दिवसभर ती गर्दी बघतात आणि ती काही कमी झालेली नाही अशी खात्री पटली की निश्चिंत मनाने घरी येतात. “मंदी नाही,” फाटकातूनच मला सांगतात. एकदा त्यांनी आपल्या फंडाच्या फॉर्मात नॉमिनी म्हणून चक्क त्या वडाचं नाव लिहिलं होतं. झाडाला पॅन नंबर नाही म्हणून फॉर्म परत आला, तर हे आठवडाभर रुसून बसले. “माझ्यानंतर राहील याची गॅरंटी असलेला दुसरा कोण आहे, सांग ना?” असं मलाच विचारत होते, जणू मीच फॉर्म परत पाठवला होता.

आमची कॉलनी नानाखेड्याच्या बसस्टँडच्या मागे. तिथे आमच्या घरासमोर एक बंद घर आहे, जोशी सरांचं. सर आणि काका जिगरी दोस्त. रोज संध्याकाळी सरांच्या ओट्यावर बसून दोघे फंडांवरून असे भांडायचे, की नव्या माणसाला वाटावं वाटणीचा खटला चालू आहे. मग सर पुण्याला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. पुण्याला निघताना त्यांचा फोन चार्जरला लावलेला तसाच घरात राहून गेला. मुलाने घर उघडलं नाही, बँकेतही काही कळवलं नाही. त्यामुळे सरांच्या खात्यातून सगळं अजून आपोआप चालू आहे: फंडाचा महिन्याचा हप्ता, मोबाईलचं बिल, विजेचं बिल. मी विद्युत मंडळात आहे, लोकांच्या शिव्या खाणं हा माझा पगारी धंदा आहे. तर आमच्या रेकॉर्डप्रमाणे या कॉलनीतला सगळ्यात नियमित ग्राहक म्हणजे जोशी सर.

एकदा सुट्टी घेऊन मी घरी होते. भर दुपारी पाहते तर काका सरांच्या खिडकीला कान लावून उभे. मी जवळ जाऊन काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि त्या कुलूपबंद घराच्या आतून टण् करून आवाज आला. सरांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज फुल्ल ठेवलेला.

“हप्ता गेला,” काका कुजबुजले. “सरांनी एक महिना चुकवलेला नाही, बघ.”

त्यांच्या चेहऱ्यावर घरचं पोर पहिलं आल्याचा आनंद होता. माझ्या पाठीवरून मात्र काहीतरी गार सरकत गेलं. बँकेतून पैसे आपोआप कसे जातात ते मला चांगलं मालूम आहे, मी विज्ञानाची पदवीधर आहे. तरी निघताना काकांनी खिडकीशी वाकून “बरं, येतो,” म्हटलं, ते मला उद्देशून नव्हतं हे कळल्यावर मी घरी आले आणि त्या बाजूची खिडकी लावून घेतली. ती मी पुढे बरेच दिवस उघडली नाही.

सर गेल्यापासूनच काकांचं हे नॉमिनीचं प्रकरण सुरू झालं होतं. “सरांनी नॉमिनी लिहिला नाही. पैसा अटकला. पैसा अटकला की माणूस पण अटकतो, बेटा,” असं ते सांगायचे आणि घरोघर फिरायचे. आजारी माणूस दिसला तर तिथे आधी. आणि इथेच घोटाळा झाला. कॉलनीतल्या खरे आजोबांना त्यांनी विचारलं, आणि आजोबा गेले. मागच्या गल्लीतल्या एका सरदारजींना विचारलं, आठवड्याच्या आत तेही गेले. दोघेही आधीपासून अंथरुणाला खिळलेले होते हे कुणाला आठवलं नाही. काका येताना दिसले की बायका दारं लावून घ्यायला लागल्या. एखाद्या घरात कुणी आजारी पडलं की शर्माभाभींचा पहिला प्रश्न ताप किती हा नसायचा. “वो आए थे क्या? नॉमिनी पूछा क्या?” ‘हो’ म्हटलं की त्या तिथेच डोळ्यांना पदर लावायच्या.

मी या सगळ्याला हसायचे. मग आईच्या हृदयाची झडप खराब झाली, इंदूरला ऑपरेशन ठरलं, आणि माझं हसू आटलं. घरात आम्ही दोघीच. आई गेली तर मी एकटी, हा सरळ हिशेब मला रात्रंदिवस दिसत होता. शर्माभाभी आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधून गेल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मीनू, उनको अंदर मत आने देना. अम्मा से पूछ लिया तो फिर मत कहना.” मी मान डोलावली. विज्ञानाची पदवी त्या वेळी कपाटात होती.

इंदूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होते आणि नेमकी लाइट गेली. मी विद्युत मंडळात असून. अंधारात फाटक वाजलं. दारात जाऊन पाहिलं तर धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. काका. मी चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिले.

“आई झोपलीये,” मी म्हटलं.

“कोण गं? भाऊजी का?” आतून आईचा खणखणीत आवाज आला. “या ना, या. लाइट गेली आहे, जपून या.”

काय करणार! काका आईसमोर खुर्चीवर बसले. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि आईकडे बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. त्यांचे ओठ हलले तसा माझा धीर सुटला.

“काका, नका विचारू,” मी म्हटलं. “तुमच्या पाया पडते, तिला नका विचारू.”

काका एकदम आक्रसले. आईने मला दटावलं. “गप गं. त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगते. माझी नॉमिनी मीनू, शंभर टक्के. आता मी विचारते भाऊजी, तुम्ही हे का करता? लोक घाबरतात तुम्हाला. दारं लावतात. तुम्हाला दिसत नाही का?”

“दिसतं ना, वहिनी.”

“मग?”

काका पिशवीच्या बंदाशी खेळत बसले. मग म्हणाले, “सर गेले ते मला कुठे कळलं, मालूम आहे? देवास गेटला, झेरॉक्सच्या दुकानात. आधारची कॉपी काढत होतो. एक ओळखीचा बोलून गेला, ‘वो आपके जोशी सर नहीं रहे ना।’ तोवर तेरावं होऊन गेलं होतं. मी इकडे रोज फोन लावत होतो. तो कुलपाच्या आत वाजायचा, मला इथे ऐकू यायचा. तरी लावायचो. म्हटलं, सरच करतील कुणाच्या तरी फोनवरून.”

आईने मेणबत्ती जरा त्यांच्याकडे सरकवली.

“पोराची काही चूक नाही. त्याने नातेवाइकांना कळवलं असेल. मी त्यात कसा येणार? मी कुठे लिहिलेलाच नाही, वहिनी. सरांच्या फॉर्मात माझं नाव असतं तर मला कळवावं लागलं असतं. प्रेमाने नाही तर कायद्याने.” त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “म्हणून विचारत फिरतो. पैसा कुणाला पाहिजे! वाटतं, कुणी तरी म्हणेल, अजून कुणी लिहिला नाही, तुमचंच लिहू का...”

एवढा वेळ मी त्या माणसाला भीत होते. आता मला रडू आलं आणि ते लपवायला अंधाराचा फार उपयोग झाला.

आईने नाक ओढलं आणि तिच्या रोजच्या हुकमी आवाजात म्हणाली, “मीनू, मोबाईल काढ. माझा तो फंड उघड. नव्व्याण्णव टक्के तू. एक टक्का भाऊजी.”

“वहिनी, असं नका...”

“तुम्ही नंबर सांगा फक्त.”

मी ॲप उघडलं. नॉमिनीचं नाव भरलं. पुढे नात्याची यादी आली: मुलगा, मुलगी, पती, पत्नी, भाऊ, बहीण. शेजारी नव्हता. सगळ्यात खाली ‘अदर्स’ होतं.

“अदर्स म्हणजे काय गं?”

“इतर.”

“इतर नाहीत ते. पण चालेल, लाव.”

मग मोबाईल नंबर. काकांनी आपला नंबर सांगितला. मी भरला. त्यांनी पुन्हा सांगितला. मी वाचून दाखवला, तरी खुर्चीतून वाकून स्वतःच्या डोळ्यांनी एकेक आकडा तपासला. सगळं झाल्यावर मागे टेकले, आणि अचानक त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“पण वहिनी,” ते म्हणाले, “मी तुमच्याहून केवढा मोठा. याचा मतलब मला तुमच्यानंतर राहावं लागेल.”

“मग राहा की,” आई म्हणाली. “कुणी जा म्हटलंय का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा गल्लीतल्या एकूणएक खिडक्या आमच्याकडे बघत होत्या. काल काका आत जाऊन बसले होते हे सगळ्यांना कळलं होतं. शर्माभाभी टॅक्सीच्या काचेतून आईचा हात धरून अशा रडल्या, की ड्रायव्हरनेच मला हळूच विचारलं, “दीदी, सब ठीक है ना?”

ऑपरेशनला फार वेळ लागला. इंदूरच्या त्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून मी देवाला, डॉक्टरांना आणि अधूनमधून पोतनीसकाकांना दोष देत होते. दुपारी डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि “हो गया, अच्छी हैं,” एवढं म्हणाले. फोनवर शर्माभाभींचे कितीतरी मिस्ड कॉल होते. मामाचे होते, ऑफिसातले होते. मी काकांचा नंबर लावला.

रिंग पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला. पलीकडून कुणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, जड, ओढून घेतलेला. क्षणभर मलाच भीती वाटली. मग डोक्यात प्रकाश पडला: नॉमिनीला फोन कशाचा येतो, ते या माणसाला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

“काका, मी मीनू. आई ठीक आहे. ऑपरेशन छान झालं.”

श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“अजून कुणाला सांगितलंस?” काकांनी विचारलं.

“नाही. पहिला फोन तुम्हालाच.”

त्यांच्या बाजूने एक स्कूटर गेल्याचा आवाज आला, कुणीतरी भाजीवाला ओरडला. मी म्हटलं, “ठेवू का? मामाला पण सांगायचं आहे.”

“सांग ना, सांग,” काका घाईघाईने म्हणाले, आणि मग अगदी लहान आवाजात, “इतक्यात ठेवू नकोस पण.”

मी नाही ठेवला. कॉरिडॉरच्या बाकावर फोन कानाला लावून बसून राहिले. ते काही बोलत नव्हते, मीही बोलत नव्हते, आणि मामाचा कॉल मध्येच येऊन वाजत होता.