चौकातला शालू

भुजंग शिपायाने हात वर केला आणि बाजाररस्त्याने येणाऱ्या बैलगाड्या, टांगे आणि मारवाड्याची एकुलती एक सायकल जागच्या जागी थांबली. रस्ता ओलांडायला मोकळा झाला. कोपऱ्यावर दोघीजणी उभ्या होत्या. त्यातल्या धाकटीने मात्र पाऊल उचलण्याऐवजी पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला आणि पाठ फिरवून ती पानवाल्याच्या फळीकडे तोंड करून उभी राहिली.

ती उषा, भुजंगच्या धाकट्या भावाची बायको. भुजंग तिचा भासरा. केदारखेड्याच्या त्या घरात भासऱ्यासमोरून भावजय जात नसे, त्याच्याशी बोलत नसे. तोही तिच्याशी बोलत नसे. काही सांगायचे झालेच, तर तो गोठ्यातल्या म्हशीला सांगे आणि उषा ते ऐके. घरात हे सोपे होते, कारण घराला मागचे दार होते. जालन्याच्या चौकाला मागचे दार नव्हते.

शेजारी उभी होती ती गोजरबाई, भुजंगची आई आणि उषाची सासू. उषाच्या बहिणीचे संध्याकाळी परतूरला लग्न होते. नवरीचा शालू जालन्याहून घ्यायचे ठरले होते आणि तो उषाच्या काखेतल्या गाठोड्यात होता. दुपारची गाडी चुकली, तर नवरी रोजच्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहणार होती. टांग्यात बसले की गोजरबाईला मळमळे, म्हणून दोघी पायी निघाल्या होत्या. स्टेशन समोर दिसत होते. मधे फक्त बाजाररस्ता होता, आणि चौकाच्या मधोमध शिपायाच्या खोक्यावर भासरा.

"आरं, पाठ फिरव की!" गोजरबाई ओरडली. "तुझं तोंड हिकडं हाय तवर ही हलती व्हय?"

भुजंगने पाठ फिरवली. हात तसाच वर ठेवला, त्यामुळे बाजाररस्ता थांबलेलाच राहिला. उषा लगबगीने निघाली. चार पावले टाकते न टाकते तोच स्टेशनरस्त्याने आलेला बद्रीनाथचा टांगा खडखडत डावीकडे वळला आणि थेट तिच्या अंगावर आला. गोजरबाईने सुनेला दंडाला धरून मागे ओढले. घोड्याचा फेस उषाच्या पदरावर उडाला.

"आंधळा हाय का रं मुडद्या?"

"मावशी, मी डावीकडं वळून राह्यलो," बद्रीनाथ तोऱ्यात म्हणाला. "डावीकडं वळणाऱ्याला हात न्हाई. विचारा शिपायाला."

बोलणे खरे होते. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, कायदा शिकवताना हेच सांगितले होते: सरळ जाणाऱ्याने हात बघावा, डावीकडे वळणाऱ्याने आपापली अक्कल बघावी. भुजंगचा आजवरचा अनुभव असा, की टांगेवाल्याला स्वतःहून अक्कल बघायची सवय नसते, ती डोळे वटारून दाखवावी लागते. आता त्याने तोंड केले, तर टांगे थांबत, पण भावजय थांबे. पाठ केली, तर भावजय चाले, पण टांगेही चालत.

"खाली उतर अन् उभा ऱ्हा टांग्यापुढं," गोजरबाईने तोडगा काढला.

"उतरायचा हुकूम न्हाई आई. आज अमीनसाहेब चौक बघायला येऊन राह्यलेत. खोका रिकामा दिसला की मी गेलोच."

"मंग डोळे मीट!"

आईचे ऐकायची त्याला जन्माची सवय. त्याने टांग्यांकडे तोंड केले, हात वर केला आणि डोळे गच्च मिटले. शिपायाने चौकात डोळे मिटलेले जालन्याने प्रथमच पाहिले. बाजाररस्त्यावरच्या लोकांना वाटले, त्याला भोवळ आली. दोघे पाणी घेऊन धावले. तेवढ्यात सरकीने भरलेली एक गाडी डावीकडे वळू लागली, बद्रीनाथचा टांगा माघारी फिरत होता, दोन्हींची चाके एकमेकांत अडकली आणि सरकीचे पोते रस्त्यावर फुटले. अडवलेल्या गाड्यांचे बैल सरकीकडे निघाले. बैलांना ना हात समजे, ना डावे-उजवे.

स्टेशनातून घंटा ऐकू आली. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली होती. उषा पानवाल्याच्या फळीकडे तोंड करूनच रडू लागली.

"आत्याबाई, ताराला आता जुन्या लुगड्यावर उभं करतील. माझ्यामुळं."

गोजरबाईने सुनेकडे पाहिले, पोराकडे पाहिले. मग तिने सुनेच्या काखेतले गाठोडे ओढले आणि सोडले. नऊवारी शालू, गर्द हिरवा, हातभर जरीचा पदर.

"आत्याबाई, नवरीचा हाय वं!"

"तिला नेसायला मिळावा म्हणूनच काढला. बद्र्या, खाली उतर! हे टोक धर अन् त्या कोपऱ्यावर जा. धुळीला लागला तर तुझ्या घोड्याची शेपटी कापते."

सरकीत अडकलेल्या बद्रीनाथला दुसरे काम नव्हते. त्याने टोक धरले, दुसरे गोजरबाईने. शालू उलगडत रस्त्यावर आडवा ताणला गेला. खोक्यावरचा भासरा पलीकडे राहिला, उषा अलीकडे. ती शालूच्या आडोशाने चालू लागली.

नेमक्या त्याच वेळी स्टेशनरस्त्याने अमीनसाहेबांची मोटार आली आणि डावीकडे वळता वळता हिरव्या जरीसमोर करकचून थांबली. भुजंगने डोळे उघडले. फुटलेले पोते, मोकाट बैल, रस्त्यात शालू, आणि खोक्यावर तो. त्याने सलाम ठोकला आणि सुचले ते बोलला.

"पर्दा है, साब!"

अमीनसाहेब तत्काळ मोटारीतून उतरले. त्यांच्या घरी बेगमसाहेबा मोटारीतून रेल्वेच्या डब्यात चढत, तेव्हा असेच दोन्हीकडून पडदे धरले जात. एवढा जरीचा शालू, म्हणजे घराणे मोठे असणार. त्यांनी रस्त्याकडे पाठ केली, ड्रायव्हरलाही करायला लावली आणि मागच्या टांगेवाल्यांवर गरजले, "रुको सब! बायें जानेवाले भी! खानदानी लोगां जा रहे, दिखता नहीं?"

घराणे कोणते, हे त्यांनी विचारले नाही. दुसऱ्याच्या घरातल्या बायकांची चौकशी भला माणूस करत नाही. शालूची घडी होऊन दोघी स्टेशनात दिसेनाशा झाल्यावर त्यांनी भुजंगच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. बंदोबस्त बराबर है."

गाडी मिळाली. तारा त्याच शालूत बोहल्यावर उभी राहिली. पदराला सरकीचे एक बी चिकटून राहिले होते म्हणतात.

पुढे खोक्यापाशी एक हिरवा कपडा कायमचा आला. बायका आल्या की दोघांनी तो धरायचा, आणि डावीकडे वळणाऱ्यांनीही थांबायचे. महिनाभरात बायकांमागून म्हातारे जाऊ लागले. मग एकदा खुद्द जगन्नाथ वकील काळ्या कोटात कपड्याआडून जाताना सापडले. "कायदा वाचून झालाय माझा," ते म्हणाले, "पण टांगेवाल्याचा न्हाई झाला."

ते संस्थानी राज्य गेले, अमीनसाहेब गेले, कपडा विरून गेला. गोजरबाईही गेली. चौकात रंगीत दिव्यांचा खांब आला, आणि एका दुपारी त्या खांबाशी दोन म्हातारी माणसे येऊन उभी राहिली. ताराच्या नातीचे लग्न होते, परतूरलाच. भुजंगचा धाकटा भाऊ सामान घेऊन पुढे गेला होता. उषाबाईने सवयीने पदर पुढे ओढला आणि ती खांबाला म्हणाली,

"दिवा लागला म्हणावं. चला म्हणावं."

भुजंगही खांबालाच म्हणाला, "दिवा सरळ जाणाऱ्याला हाय म्हणावं. डावीकडं वळणारे अजून तसेच हायेत."

दिवा दोनदा लागला आणि विझला. रिक्षा डावीकडून सुसाट वळत राहिल्या. शेवटी भुजंगने खांद्यावरचे उपरणे काढले, एक टोक स्वतः धरले आणि दुसरे तिच्या बाजूला पुढे करून उभा राहिला. उषाबाईने क्षणभर वाट पाहिली. मग ते टोक हातात घेतले. दोघे रस्त्यात उतरले, उपरणे रिक्षांच्या बाजूला ताणून. पहिली रिक्षा कचकन थांबली, मागच्या दोन तिच्यामागे.

पडदा तोच होता, पण या खेपेला दोघे त्याच्या एकाच बाजूला होते. निम्म्या रस्त्यात भुजंगची चाल मंदावली. खांब मागे राहिला होता, म्हैस कधीच गेली होती, सांगायला मधे कुणी नव्हते.

"जल्दी चला," उषाबाई म्हणाली.

"चाललो," भुजंग म्हणाला.