आधी निजवू, मग बोलू

आमच्या बिल्डिंगची लाइट गेली की सगळी माणसं जिन्याने खाली उतरतात, मोघे तेवढे वर चढतात. एका हातात काढलेल्या चपला, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. वाटेत कोणी काही विचारलं तर त्यांचं एकच उत्तर, "आधी निजवू, मग बोलू."

नव्या भाडेकरूंना वाटतं, घरात तान्हं बाळ असावं. कसलं बाळ! मोघे एकटे राहतात, साठीला आलेत, आणि ज्याला निजवायला ते धावतात तो एक कॉम्प्युटर आहे.

शारजाच्या रोल्ला भागातली ही आमची जुनी चार मजली बिल्डिंग. तिचा विजेचा पॅनेल उन्हाळ्यात एसींचा भार पेलत नाही आणि महिन्यातून दोनदा तरी बसतो. मी ३०१ मध्ये, मोघे समोर ३०२ मध्ये. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते, तेव्हा वेंधळेपणा मला खपत नाही हे आधीच सांगते. मोघे वेंधळे नाहीत, उलटच आहेत. ते एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. म्हणजे नकाशांच्या प्रती सांभाळायच्या आणि कुठली जुनी, कुठली नवी याचे शिक्के मारायचे. चोवीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालंय. त्यांच्या फ्रिजवरच्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा कोपऱ्यात "रिव्हिजन ०३" असं लिहिलेलं असतं.

त्यांच्या चपलांच्या कपाटात चपला नाहीत, सर्व्हर आहे. ऑफिसने भंगारात काढलेला काळा डबा, आत चार हार्ड डिस्क, शेजारी छोटा स्क्रीन आणि सुटकेसएवढा यूपीएस. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करून ओरडायला लागतो आणि बारा मिनिटं बॅटरीवर तग धरतो. तेवढ्यात सर्व्हरला रीतसर बंद करायचं, त्याचा हिरवा दिवा जाईपर्यंत. चालू असताना वीज तुटली तर आतलं काय बिघडेल ते सांगता येत नाही. पण मोघ्यांसमोर "बंद" म्हणायची सोय नाही. ते "निजवतात". आणि "खलास" तर मुळीच नाही. इथे भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत जो तो उठता बसता खलास म्हणतो. मोघे त्याला थांबवून समजावतात की खलास काही होत नसतं, कॉपी असली म्हणजे झालं.

माझ्या लेकीने, सईने, एकदा त्यांना सांगितलं, "अंकल, इट कॅन शट डाउन ऑटोमॅटिकली." मोघे गंभीर झाले. आपोआप निजला तर तो नीट निजला की नाही हे कळणार कसं, असं त्यांनी तिला विचारलं.

दुसऱ्या मजल्यावर गणपतीच्या आरतीत लाइट गेली तेव्हा निरांजन मोघ्यांच्या हातात होतं. ते तसेच निघाले. आम्ही अंधारात टाळ्या वाजवत उभे, आणि निरांजन तिसऱ्या मजल्यावर. त्याहून कहर म्हणजे एकदा लिफ्टमध्ये अडकले. वॉचमन दार उघडायला आला, तर आतून दाराच्या फटीतून किल्ली बाहेर. "पहले उसको सुलाओ, फिर मेरे को निकालो." चाळीस मिनिटं आत उभे होते. बाहेर आले ते घामाने निथळत, आणि पहिला प्रश्न, "हिरवा दिवा गेला होता ना?"

आता त्या डब्यात आहे तरी काय? महेशचा, माझ्या नवऱ्याचा, अंदाज होता शेअर बाजार. माझा अंदाज सांगण्यासारखा नव्हता. निघाले फोटो. तेही दुसऱ्यांचे.

इथे कायमचं कोणी राहत नाही. नोकरी जाते, मुलं कॉलेजात जातात, वय होतं, मग व्हिसा कॅन्सल आणि माणूस "फॉर गुड", म्हणजे कायमचा, निघतो. आमच्याकडे हे दोन शब्द हळू आवाजातच बोलतात. फर्निचर मिळेल त्याला देतात, फ्रिज शेजाऱ्याला, कुंड्या वॉचमनला. आणि जायच्या दोन दिवस आधी मोघे केबल घेऊन दारात. "फोटो द्या." सामानाच्या गडबडीत नाही म्हणायलाही कोणाला सवड नसते. मग हे बसून विचारणार, केक कोणाचा, मागे उभा आहे तो कोण, ही साडी कुठल्या दिवाळीची. फ्लॅटच्या नंबराने फोल्डर, फोल्डरवर घराचं नाव. चोवीस वर्षांत इथून गेलेलं प्रत्येक बिऱ्हाड त्या चपलांच्या कपाटात आहे.

मी त्यांना चिक्कार हसले आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चार वर्षांपूर्वी मोघे सुट्टीवर भारतात गेले आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. बंद घराचा मेन स्विच पाडून निघायचं, हे माझ्या आईने माझ्या अंगात भिनवलेलं. रिकाम्या घरात दिवे लुकलुकताना पाहिले आणि मी स्विच पाडला, दार ओढलं, शाळेत गेले. यूपीएस बारा मिनिटं ओरडला असेल. ऐकायला कोणी नव्हतं.

१०४ चं फोल्डर पुन्हा उघडलं नाही, त्याची कॉपीही नाही. त्यात रत्नागिरीच्या परकारांची सोळा वर्षं होती. मोघ्यांनी परकारभाभींना फोन केला, तर त्या म्हणाल्या की लॅपटॉप बिघडला तेव्हा टाकून दिला, फोटो तुमच्याकडे आहेत म्हणून निर्धास्त होतो. मोघे मला एका शब्दाने बोलले नाहीत. आठवड्याने कपाटाच्या दारावर कागद लागला, "निजवण्याची पद्धत, रिव्हिजन ०७." शेवटची ओळ होती, "मेन स्विचला हात लावू नये." कोणाचं नाव नव्हतं. मला ते अजून सलतं.

मोघ्यांच्या घरची मंडळी पुण्याला असतात. बायको, माधवीवहिनी, मुलाच्या कॉलेजसाठी दोन वर्षांकरता म्हणून गेल्या. कॉलेज संपलं, मुलगा कॅनडाला गेला, वहिनी तिथेच राहिल्या. भांडण नाही, काही नाही. मोघे वर्षातून एकदा महिनाभर पाहुण्यासारखे जाऊन येतात.

या ऑगस्टमध्ये मोघ्यांच्या छातीत दुखलं. महेशने गाडीतून हॉस्पिटलात नेलं, दुसऱ्या दिवशी स्टेंट घातला. पुण्याला कळवू नका म्हणाले, उगाच घोर लागेल. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही लावत हात."

त्याच दुपारी लाइट गेली. अर्धी बिल्डिंग सुट्टीला भारतात, मजल्यावर मी एकटी. समोरच्या दारापलीकडून टीं टीं ऐकू आलं आणि मी धावले. ऊन अडवायला खिडक्यांना चंदेरी कागद चिकटवलेला, त्यामुळे भर दुपारी आत काळोख. मोघ्यांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"आधी निजवू," ते म्हणाले. आवाज पार बारीक झालेला. मागे नर्स रागवत होती.

कागदावर लिहिलं होतं, कॉपी चालू असेल तर पूर्ण होऊ द्यावी. स्क्रीनवर एका डिस्कवरून दुसरीवर रोजची कॉपी चालू होती, एकाहत्तर टक्के. मला बटण दाबून मोकळं व्हायचं होतं. ते म्हणाले, थांबा. सहा मिनिटं, सात मिनिटं. पोरांना फळ्यासमोर घाम फोडणारी मी, स्क्रीनवरचे फ्लॅट नंबर उगाच वाचत बसले. ११०, २०४, ३०१ मध्ये आमच्या आधीचे, मग एकदम ३०३. दहाव्या मिनिटाला कॉपी संपली. बटण दाबलं. पुढची ओळ होती, "हिरवा दिवा जाईपर्यंत जवळ बसावे. एकटे सोडू नये." बसले. दिवा गेला. मग यूपीएस बंद केला.

"निजला," मी म्हटलं.

"शाबास वहिनी. ठेवतो मग. तुम्हाला उकडत असेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं हा माणूस आम्हाला "मग बोलू" म्हणत आलाय. निजवून तो खाली येईपर्यंत लाइट आलेली असायची, एसी सुरू, सगळ्यांची दारं बंद. बोलायला कोणी थांबलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मला माझीच शरम वाटली.

"ठेवू नका भाऊजी," मी म्हटलं. "निजवून झालं ना? आता बोला."

"काय बोलू?" ते म्हणाले. "असं ठरवलेलं काही नाही हो."

मग मीच विचारलं, "सगळ्यांची फोल्डरं आहेत. ३०२ चं का नाही? माधवीवहिनींचे फोटो नाहीत का?"

"आहेत की. फोनमध्ये आहेत."

"आणि कॉपी?"

"नाही केली. तिथे फॉर गुड गेलेल्यांचं ठेवतो, वहिनी. माधवी दोन वर्षांसाठी गेलीय."

त्याला अकरा वर्षं झाली होती. मी गणिताची बाई, पण हा हिशेब मी त्यांना करून दाखवला नाही. मांडी घालून त्या कपाटापाशी बसून राहिले. तेवढ्यात लाइट आली. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला, तो त्यांना फोनवर ऐकू गेला असणार.

"आली वाटतं," ते म्हणाले. "उठवा त्याला."

"राहू दे थोडा वेळ निजलेला," मी म्हटलं. "तुम्ही बोला."

ते बोलायला लागले. माधवीवहिनी शारजाला पहिल्यांदा उतरल्या त्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली.