तळ्याच्या बैठकीस कातडी खुर्ची निवडिल्याची हकीकत

श्री. ज्याचे उदर थोर, आणि ज्यास 'थोडे कमी जेवावे' असे सांगण्याची त्रिभुवनात कोणाची छाती नाही, त्या लंबोदरास नमन करून लिहिले ऐसे जे. शके सतराशे एकुणनव्वद, प्रभवनाम संवत्सरी, एका राज्यावर श्रीमंत भैरजीराव महाराज राज्य करीत होते. देह विशाल, वजन चार मणांस भारी. शेजारच्या राजाशी सीमेवरील तळ्याचा तंटा होता, आणि त्याचा निवाडा वडिलोपार्जित रिवाजाने होई: दर बारा वर्षांनी दोघां राजांनी काठावर समोरासमोर बसावे, आणि जो आधी उठेल त्याने पुढील बारा वर्षे पाण्यावरील हक्क सोडावा. मागील खेपेस महाराज अरुंद खुर्चीत बसले आणि तिसऱ्या घटकेस मांड्या बधिर होऊन उठले, तो खुर्चीही समवेत उठली. मग बारा वर्षे रयतेने दोन कोसांवरून पाणी वाहिले, आणि ते महाराजांच्या जिवास लागून राहिले.

बैठक पुन्हा जवळ आली, तेव्हा दिवाण अंताजीपंतांनी खुर्ची निवडण्यास पाच शहाणे नेमिले. शहाणे अंगाने कसे, तर पाचांस एका गोणीत भरावे आणि गोणी सैलच राहावी. देशोदेशींच्या कातडी खुर्च्या आल्या, आणि रिवाज ऐसा की सरकारी आसनावर आधी शहाण्यांनी बसून पाहावे. मग एक बसला आणि 'वाहवा' म्हणाला, आणि दुसरा बसला आणि 'क्या बात है' म्हणाला, आणि कळ दाबता पाठ मागे जाते हे पाहून उरलेले टाळ्या पिटते जाहले. रंग तांबडा की तपकिरी यावर आठ दिवस खल केला, पण बसणार कोण हे एकानेही काढिले नाही. त्या दरबारी 'जाड' शब्दास मनाई नव्हती, पण पाठीस कणा असलेला माणूसही नव्हता. शेवटी शेळीच्या मऊ कातड्याची, काडीसारख्या पायांची एक नाजूक खुर्ची पसंत जाहली. महाराज बसले, कळ दाबिली, आणि खुर्चीचे पाय चारी दिशांस गेले आणि महाराज फरशीवर आले. पंत म्हणाले, "सरकार, फरशीच उंचसखल आहे." शहाण्यांतील एक म्हणाला, "महाराजांचे तेज खुर्चीस सोसवले नाही!" महाराज खाली बसून हे ऐकत होते, आणि त्यांस कंबरेहून हे बोलणे अधिक दुखले.

बैठकीस नऊ दिवस उरले. मग महाराजांनी पागेतील खोगिरे शिवणारा हैबती जिनगर यास बोलाविले. त्याने मोडकी खुर्ची उलटीपालटी करून पाहिली. "हे बसायला केलेलंच नाही, बघायला केलंय," तो म्हणाला. "सरकार, खोगीर करायचं तर मी आधी घोडा बघतो. ह्यांनी खुर्ची कुणाकडं बघून घेतली?"

"जीभ आवर!" पंत कडाडले.

"आवरतो. पण माप घेऊ द्या."

पाचही शहाण्यांनी कानांवर हात ठेविले. वीस वर्षांत महाराजांनी कंबरेस दोरी लावू दिली नव्हती, शिंपीही दुरून नजरेनेच अंगरखे बेतीत असे. मग डोकीवर घागरी घेतलेल्या बाया डोळ्यांपुढे आल्या, आणि महाराज लाज गिळून बोलिले, "मी जाड आहे, हैबती. आण तुझी दोरी." दोरी पुरली नाही, दुसरी जोडावी लागली, आणि महाराज हात वर धरून निमूट उभे राहिले.

मग हैबतीने बाभळीचा सांगाडा केला, त्यावर म्हशीचे निबर कातडे दुहेरी शिविले, आत घोड्याचे केस ठासून भरिले, आणि बैठक रुंद आणि हात ऐसपैस ठेविले. शहाणे बसून पाहण्यास सरसावले, तो हैबती म्हणाला, "राहू द्या, तुमच्यानं तिला कळायचं नाही," आणि पागेतील दोन दांडगे मोतद्दार तीवर एकदम उड्या मारावयास लाविले. खुर्ची हलली नाही.

नेमिल्या दिवशी दोघे राजे बसले. शेजारचा राजा सडपातळ, चांदीच्या चौरंगावर ताठ. दोन प्रहरी तो चुळबुळ करू लागला, आणि सूर्य कलता कंबर धरून, कण्हत उठला. बायांनी तळ्यात घागरी बुडविल्या. तो अंताजीपंत पुढे होऊन म्हणाले, "सरकार, पाच जणांनी मसलत करून निवडिली, तिचे हे फळ!" महाराजांनी त्यांकडे पाहिलेही नाही. हैबतीस शालजोडी दिली, आणि काळोख पडेतो आपण उठलेच नाहीत.

ऐसे हे वर्तमान. महाराज एकदा खरे बोलिले आणि रयतेस पाणी मिळाले. जे बोलिले नाहीत, ते अद्याप दरबारात मानाने आहेत.